कुलूप आमचे, किल्ली कुणाची?

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घराला दार आहे, पण त्याला कुलूप असे फारसे कधी लागलेच नाही. रानात जाताना आई नुसती कडी लावते आणि शेजारच्या काकूंना “लक्ष असू द्या” म्हणून सांगते. चोरून नेण्याजोगे घरात होते तरी काय? एक पत्र्याची पेटी. तीत सातबारा, रेशनकार्ड आणि माझ्या गुणपत्रिका. त्या पेटीला मात्र कुलूप आहे आणि त्याची किल्ली आईच्या कनवटीला असते. अशा घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. कुलूप म्हणजे काय आणि किल्ली म्हणजे काय, एवढे तरी आपल्याला कळते, असा माझा समज होता. गेल्या वर्षी माझ्या मोबाईलच्या सिमकार्डाने दोन दिवसांत तो समज पार उतरवला.

वार्षिकांकात लिहायला हाच विषय सापडला का, असे कोणी विचारील. पण मित्रहो, नखाएवढ्या ज्या तुकड्यावर आपली शिष्यवृत्ती, बँकेचे खाते आणि आधारकार्ड अवलंबून आहे, तो विषय क्षुल्लक कसा म्हणावा?

झाले असे की, आपल्या कॉलेजात मोबाईलच्या सुरक्षिततेवर एक व्याख्यान झाले. पडद्याला लावलेले कुलूप फोनचे रक्षण करते, नंबरचे नव्हे, हे मला तिथे पहिल्यांदा कळले. चोर फोन उघडण्याच्या भानगडीत पडतच नाही. तो सिम काढतो, दुसऱ्या फोनात घालतो, आणि बँकेचा ओटीपी आयता त्याच्या हातात पडतो. म्हणून सिमलाही स्वतःचा पिन लावावा. मला हे पटले. त्याच संध्याकाळी कंपनीचा मूळचा पिन बदलून मी माझा चार आकडी पिन लावला आणि घरात कोणालाही सांगितला नाही.

हा पिन फोन बंद करून पुन्हा चालू केल्यावरच विचारला जातो. आठवडाभर तसे झालेच नाही. मग एका रात्री वीज गेली, बॅटरी उतरली, आणि सकाळची पहिली एस. टी. गाठायची म्हणून मी फोन घरीच ठेवून आले. दुपारी वीज आल्यावर सातवीतल्या धाकट्या भावाने तो चालू केला. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी प्रश्न आला. त्याने १२३४ दाबले, मग माझे जन्मवर्ष, मग स्वतःचे. तीन चुका झाल्या आणि सिम बंद पडले. आता फोन ‘पुक’ मागू लागला. भावाला वाटले, हेही एक कोडेच. आठ आकडी संख्या त्याने मनानेच रचून चार वेळा घातली. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा पडद्यावर सहा संधी शिल्लक असल्याचे दिसत होते. माझी एस. टी. तासभर उशिरा आली असती तर त्याही उरल्या नसत्या. आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती. अर्जाला लागणारा ओटीपी येणार होता तो याच नंबरावर.

या कुलपाची रचना तेव्हा मला ठाऊक नव्हती, आता आहे. पिन चार ते आठ आकड्यांचा असतो. तो सलग तीनदा चुकला की सिम स्वतःला बंद करून घेते. मग ते उघडते फक्त ‘पुक’ने, म्हणजे ‘पिन अनब्लॉकिंग की’ने. हा आकडा आठ अंकी असतो, तो आपण ठरवत नाही, कंपनी ठरवते. तो दहा वेळा चुकला की ते कार्ड कायमचे निकामी होते. आठ अंकांच्या संख्या दहा कोटी; दहा प्रयत्नांत ती अचूक लागण्याची शक्यता कोटीत एक! शिवाय किती चुका झाल्या याची नोंद सिमच्या आतच राहते, त्यामुळे फोन बदलून काही उपयोग होत नाही.

हे न कळल्यामुळे मी गावातल्या रिचार्जच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, “शंभर रुपये दे, खोलून देतो.” त्याने सिम आपल्या फोनात घातले. तिथेही तोच प्रश्न. मग तो आठ शून्ये दाबून पाहू लागला. मी सिम अक्षरशः त्याच्या हातातून ओढून घेतले. फोनला एखाद्या कंपनीचे बंधन असेल तर ते काढणारे कारागीर असतात. सिमचे कुलूप ही वेगळी गोष्ट आहे. त्याची किल्ली कोणत्याही दुकानदाराकडे नसते.

मग ती असते कुठे? पुष्कळदा आपल्याच घरात! सिम ज्या प्लॅस्टिकच्या कार्डातून मोडून काढतात, त्या कार्डावर पुक छापलेला असतो. आमच्याकडचे ते कार्ड आजीने परातीला चिकटलेले पीठ खरवडायला घेतले होते. चार वर्षांत त्यावरचे आकडे कणकेबरोबर निघून गेले. आजीला हसण्यात अर्थ नाही. त्या तुकड्याचे मोल तिला कोणी सांगितलेच नव्हते, आणि मला तरी कुठे ठाऊक होते?

उरला एकच मार्ग. शेजारच्या काकांच्या फोनवरून मी कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राला फोन लावला. पहिलाच प्रश्न आला : नंबर कोणाच्या नावावर आहे? नंबर मामाच्या नावावर. मी दहावीत असताना तो घेतला. अठरा वर्षांखालील व्यक्तीला सिम मिळत नाही, म्हणून मामाने आपले आधारकार्ड दिले. दुसरा प्रश्न : त्यांची जन्मतारीख? मी बिनधास्त १ जून सांगितली. आमच्याकडे निम्म्या गावाचा जन्म १ जूनला झालेला आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनीच तो लावून दिला. पण साल काही सांगता येईना. पलीकडून नम्रपणे उत्तर आले की, ज्यांच्या नावावर नंबर आहे त्यांनाच बोलायला सांगा.

त्या रात्री मला संताप आला होता. आज येत नाही. माझा नंबर सांगून एखाद्या परक्याने पुक मागितला असता आणि तो त्याला मिळाला असता, तर मला चालले असते का? त्या माणसाने कुलूप राखले, हेच योग्य केले.

मामा भिवंडीत एका गोदामात कामाला आहे. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत त्याने फोन लावला, विचारले ते सांगितले, आणि मिळालेले आठ आकडे तळहातावर लिहून घेतले. काकांच्या फोनवर त्याने एकेक आकडा सांगितला. मी तो घातला, तीनदा ताडून पाहिला, देवाचे नाव घेतले आणि बटण दाबले. नवा पिन दोनदा मागून सिम उघडले. माझा अर्ज रात्री अकरा वाजता गेला.

आता मला जे म्हणायचे आहे ते असे. माझ्या पुष्कळ मैत्रिणींनी यातून एकच बोध घेतला : सिमला पिन लावूच नये. मला हे मान्य नाही. किल्ली हरवते म्हणून कोणी पेटीचे कुलूप काढून टाकत नाही. दोष कुलपाचा नव्हता. किल्ली माझ्यापाशी नव्हती, हा दोष होता. आणि ती नव्हती याचे खरे कारण असे की, कागदोपत्री तो नंबर माझा नव्हताच.

आपल्या वर्गातल्या मुलींनी एकदा स्वतःलाच विचारून पाहावे : तुमचा नंबर कोणाच्या नावावर आहे? वडिलांच्या, भावाच्या, मामाच्या! घरोघरी आईचा नंबर बाबांच्या नावावर. वापरणारी एक, धनी दुसरा. माझ्या आईने ज्या रानात आयुष्यभर खुरपले त्याच्या सातबाऱ्यावर तिचे नाव नाही. ते चढेल तेव्हा चढेल. पण नंबर नावावर करायला तलाठ्याकडे खेटे घालावे लागत नाहीत. देणारा आणि घेणारा अशा दोघांनी ओळखपत्रे घेऊन कंपनीच्या दुकानात जायचे. मामा दिवाळीला आला तेव्हा आम्ही तेच केले. मामा प्रेमळ आहे, म्हणून माझे दोन दिवसांतच भागले. पण ज्यांचा मामा रागावलेला असेल, ज्यांचा भाऊ बोलत नसेल, त्यांनी कोणाच्या दारात जायचे?

पुक मिळेपर्यंत अंदाजाने काहीही दाबू नये. दहाही संधी संपल्या तरी हाय खाऊ नये; कार्ड मरते, नंबर मरत नाही. ज्याच्या नावावर नंबर आहे त्याला त्याच नंबराचे नवे कार्ड मिळते. मात्र नव्या कार्डावर पहिले २४ तास संदेश येत नाहीत, म्हणजे ओटीपीही नाही. फसवणूक टळावी म्हणून ही तरतूद आहे. तेव्हा मुदतीच्या आदल्या दिवशी जागे होऊन उपयोग नाही. आणि आपण होऊन फोन करून कोणी पिन किंवा पुक विचारू लागला, तर तो चोरच समजावा.

प्राध्यापक मंडळींना एक विनंती आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी गावचे रस्ते झाडतो, वनराई बंधारा बांधतो. यंदा एक दुपार गावातल्या बायकांसाठी द्यावी. तुमचा नंबर कोणाच्या नावावर आहे, पुकचे कार्ड कुठे आहे, एवढेच घरोघरी विचारावे. सूचना इंग्रजीत येते आणि घाबरलेले माणूस मिळेल ते बटण दाबते, हे मी माझ्याच घरात पाहिले आहे.

माझा पुक आता कागदावर लिहून पत्र्याच्या पेटीत ठेवला आहे. आईला अक्षरे येत नाहीत, पण आकडे वाचता येतात. तो कागद ठेवताना तिने एकदा मोठ्याने आठही आकडे वाचले आणि विचारले, “माझ्या फोनचा कुठं आहे?” येत्या रविवारी बाबांना घेऊन आम्ही तिघेही कंपनीच्या दुकानात जाणार आहोत.