पथ्याने काय दिलं, काय नाही

मला बेकर प्रकारची मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. निदानाला 22 वर्षं झाली. इंदूरात राहून पोहे-जिलेबी सोडणं सोपं नाही, तरी आठ महिने धान्य, दूध, मीठ बंद ठेवून मी कच्च्या भाज्या नि फळांवर राहिलो. सात किलो वजन उतरलं, उठता-बसताना हलकं वाटलं. पण जिन्याचा कठडा काही सुटला नाही.

कारण साधं आहे. स्नायूंच्या पेशींना बळकटी देणारं डिस्ट्रॉफिन हे प्रथिन माझ्या शरीरात सदोष बनतं. ते 1987 मध्ये ओळखलं गेलं. त्याच्या जनुकातला दोष आहाराने दुरुस्त होत नाही.

त्या पथ्यातलं एकच मी ठेवलं, वजन आटोक्यात. कमकुवत पायांना तेवढंच ओझं कमी. बाकी घरचं वरण-भात-भाजी, रोज हलका व्यायाम आणि दरवर्षी हृदयाची इको. हृदय हाही स्नायूच, हे पथ्य सांगणारे सहसा बोलत नाहीत.

मंडळी, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार नोंदलेला आहे. प्रमाणपत्र काढून ठेवा. पथ्य करायचंच तर डॉक्टरांना सांगून करा, पण हृदयाची गोळी चुकवू नका.