ओरडली का नाहीस?

पदवीच्या शेवटच्या वर्षी मी एका जुन्या वाड्यात खोली घेऊन राहत होतो. भिंतीपलीकडे नवरा-बायको आणि एक लहान मूल असा संसार होता. रात्री दहाच्या सुमारास तिकडून भांडे आपटल्याचा आवाज येई, मग पुरुषाचा चढा आवाज, आणि मग काहीच नाही. त्या ‘काहीच नाही’चा अर्थ वाड्यात सर्वांना कळत होता. आम्ही टी.व्ही. मोठा करीत असू. सकाळी नळावर ती बाई सुजलेला गाल पदराआड घेऊन म्हणे, “मोरीत पाय घसरला.” एकदा मी मालकीणबाईंकडे विषय काढला, तेव्हा त्या म्हणाल्या, “अरे, ती ओरडते का कधी? ओरडली असती तर धावलो नसतो का आम्ही?”

मालकीणबाई दुष्ट नव्हत्या. आणि हा प्रश्न काही त्यांनीच प्रथम विचारला असे नव्हे. देशातील सर्वोच्च न्यायालयानेही तो एका मुलीला विचारला होता.

ती मुलगी आपल्याच विदर्भातील, आदिवासी, आईबाप नसलेली, मोलमजुरी करणारी. वय चौदा ते सोळा. २६ मार्च १९७२ च्या रात्री तिला जबाबासाठी देसाईगंजच्या पोलीस चौकीत बोलावले होते. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर पाठवून तिला आत थांबवून घेतले गेले. बाहेर आल्यावर तिने झाला प्रकार लोकांना सांगितला. दोन पोलिसांवर खटला झाला. सत्र न्यायालयाने १९७४ साली दोघांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली त्यांना दोषी धरले. भीतीपोटी हतबल होणे म्हणजे संमती नव्हे, असे त्या न्यायालयाने मानले. परंतु १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोघांना पुन्हा मुक्त केले. कारण काय, तर अंगावर जखमांच्या खुणा नाहीत आणि तिने आरडाओरडा केलेला दिसत नाही! रात्रीच्या वेळी पोलीस चौकीत पोलिसांविरुद्ध ओरडून त्या पोरीने बोलवायचे तरी कुणाला होते?

उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. पुढच्या वर्षी स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीतील संबंधांबाबत, संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असे ठरले. पीडितेचे नाव छापणे हा गुन्हा झाला. खटला मात्र अजूनही त्या मुलीच्याच नावाने ओळखला जातो. पोलिसांची नावे किती जणांना आठवतात? मी तिचे नाव येथे लिहीत नाही. आणि केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे धरता येणार नाही, हे वाक्य कायद्यात यायला २०१३ साल उजाडावे लागले. म्हणजे निकालानंतर पस्तीस वर्षे!

कायदा पुरा झाला असे मी म्हणत नाही. बायको अठरा वर्षांची असेल तर नवऱ्याची जबरदस्ती आजही कायद्याच्या लेखी बलात्कार ठरत नाही. पण जेवढे कायदा शिकला, तेवढे तरी आपण शिकलो का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार शारीरिक वा लैंगिक अत्याचार सोसलेल्या शंभर स्त्रियांपैकी अवघ्या चौदा जणींनी कुणाकडे मदत मागितली. मागणारी आधी बहुधा घरच्यांकडेच जाते, मैत्रिणीकडे जाते, पोलिसांकडे क्वचित. तिला पहिला प्रश्न विचारणारे न्यायाधीश आपणच असतो. “त्या वेळी तिथे गेलीसच कशाला?” “इतके दिवस गप्प का?” तिने पुन्हा तोंड उघडू नये, यासाठी एवढे पुरेसे आहे.

वसतिगृहातल्या खोलीत उद्या एखादी मैत्रीण असे काही सांगू लागली, तर तिला बोलू द्यावे. तिच्या परवानगीवाचून ते दुसऱ्या कानी घालू नये. कुठलेही रुग्णालय, सरकारी असो वा खासगी, अशा वेळी मोफत आणि तत्काळ उपचार नाकारू शकत नाही. हद्दीचे कारण सांगून पोलिसांना तक्रार टाळता येत नाही. १८१ या क्रमांकावर मदत मिळते. मारहाण सोसणाऱ्या विवाहितेला २००५ च्या कायद्याने त्याच घरात राहण्याचा हक्क दिला आहे. घर कुणाच्या नावावर आहे, हा प्रश्न तिथे येत नाही. पोलिसांच्याच आवारात समाजसेविका बसवणारा विशेष कक्ष १९८४ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने सुरू केला, तो आता अनेक जिल्ह्यांत आहे. एकटी जायला पाय उचलत नाही. सोबत कुणी असले तर उचलतो.

यातले त्या वेळी मला काहीच ठाऊक नव्हते. पण दार वाजवायला कायदा ठाऊक असावा लागत नाही, हेही खरे. ती बाई दिवाळीला माहेरी गेली आणि आठ दिवसांत परत आली. नळावर तिने माझ्याकडे पाहिले. मी बादली भरली आणि वर निघून आलो. परीक्षा संपल्यावर मी ती खोली सोडली.