सर्किट दोन गेलं तर?

कळवा म्हटलं की काय आठवतं? कारशेड, खाडी, पारसिकचा डोंगर आणि सकाळची ती गर्दी! पण १२ ऑक्टोबर २०२० ला कळवा वेगळ्याच कारणाने बातम्यांत झळकलं. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई-ठाण्याची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि वर्क फ्रॉम होमवाल्यांचं वायफाय झोपलं.

तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी त्याच दिवशी सांगितलेलं कारण असं : कळवा-पडघा ४०० केव्ही यंत्रणेत सर्किट एकची देखभाल चालू होती, सगळा भार सर्किट दोनवर होता आणि त्यातच बिघाड झाला. पुढे सायबर हल्ल्याचीही चर्चा रंगली. ती राहू दे. मला यात इंजिनीअर मंडळींसाठी करिअरचा धडा दिसतो.

देखभाल हवीच. पण एक बंद असताना दुसरंही गेलं तर काय, हे आधीच विचारणं म्हणजे ॲसेट मॅनेजमेंट. २०१४ पासून त्याला आयएसओ ५५००० हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. कॉलेजात आपण नवं डिझाइन करायला शिकतो. नोकरीत बहुतेकांच्या गळ्यात पडतं ते आधीच उभं असलेलं, चालू मशीन. मग शिकायचं काय?

एक, यंत्राची तब्येत वाचायला. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात विरघळलेले वायू तपासतात. ॲसिटिलीन वाढलं, की आत कुठेतरी ठिणग्या उडतायत असा संशय घ्यायचा. अगदी ब्लड रिपोर्टसारखं! आणि मागचे रिपोर्ट शेजारी ठेवल्याशिवाय आजचा आकडा नीट कळत नाही.

दोन, पैशाची भाषा. ‘सर, मशीन जुनं झालंय’ म्हणून बजेट मिळत नाही. दुरुस्ती, वीजबिल, बंद पडल्यावर होणारं नुकसान एका बाजूला. नव्याचा पूर्ण आयुष्याचा खर्च दुसऱ्या बाजूला. एका पानात मांडा, अकाउंट्सवाले ऐकतात.

तीन, आणि हे सगळ्यात अवघड : वेळेवर ‘आज शटडाउन नको’ म्हणणं. दुसरी लाइन धड आहे का, भार किती, पर्याय काय, हे कागदावर असेल तरच ज्युनिअरच्याही शब्दाला वजन येतं.

तेव्हा दोस्तांनो, या आठवड्यात आपल्या प्लांटमधलं एकच मशीन निवडा आणि विचारा, याचं ‘सर्किट दोन’ कोणतं? उत्तर पटकन आलं नाही, तर कामाला लागा!