चढावर चालणाऱ्यांच्या बाजूने

नवीन पळायला लागलेल्या माणसाला सल्ल्यांची कमतरता कधीच नसते. बूट कुठले घ्यायचे, केळं कधी खायचं, मोजे कसे असावेत... मला वर्षभरात इतके सल्ले मिळालेत की त्याची डाटाबेस टेबल करता येईल. बहुतेक निरुपद्रवी असतात. एक मात्र मला अजिबात पटत नाही. तो म्हणजे, "चढ आला तरी चालायचं नाही. एकदा चाललास की संपलास!"

आमच्या ऑफिसातला एक मित्र ह्या सल्ल्यापायी खरंच संपला. म्हणजे त्याचं पळणं संपलं. तिशीच्या आत रक्तदाब निघाला म्हणून डॉक्टरांनी त्याला व्यायाम सांगितला होता. तीन महिन्यांत गडी सपाटीवर पाच किलोमीटर आरामात पळायला लागला. मग एका रविवारी सगळ्यांबरोबर टेकडीवर गेला, अर्ध्या चढात चालायला लागला, आणि वर पोचल्यावर "काय, फिरायला आला होतास का?" वगैरे विनोद झाले. तो पण हसला. पण त्यानंतर आला नाही. विचारलं तर म्हणतो, "अरे, आपली बॉडी रनिंगची नाहीये." बूट अजून नवेकोरे आहेत.

आता थोडं गणित बघू (सवयीचा गुलाम, काय करणार). इटलीच्या अल्बेर्तो मिनेत्ती आणि सहकाऱ्यांनी 2002 साली चढ-उताराच्या ट्रेडमिलवर माणसं चालवून आणि पळवून किती ऊर्जा लागते ते मोजलं होतं. दहा टक्के चढावर, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की दहा मीटर वर, पळायला सपाटीच्या दीडपटीहून जास्त ऊर्जा लागते. समजा तुम्ही सपाटीवर सात मिनिटांत किलोमीटर पळता. तेवढाच दम लावून हा चढ चढलात तर किलोमीटरला साडेअकरा मिनिटांच्या आसपास लागतील. साडेअकरा मिनिटं म्हणजे ताशी सव्वापाच किलोमीटर. अहो, ही तर झपाझप चालण्याचीच गती झाली! आणि तेवढ्या चढावर एवढ्याच गतीनं पळण्यापेक्षा चालणं स्वस्त पडतं. म्हणजे आपण नवशिके तिथे "पळतो" ते बहुतेक जागच्या जागी उड्या मारणं असतं. कशासाठी? तर चाललो नाही असं सांगता यावं म्हणून.

मी मूळचा नामपूरचा. मोसमच्या खोऱ्यातलं आमचं गाव तसं सपाट, पण पश्चिमेला ताहाराबाद सोडून पिंपळनेरकडे निघालं की शेलबारीचा घाट लागतो. सुट्टीत घरी गेलो की गाडी पायथ्याला लावून मी तिथे पळतो. (पहिल्यांदा एका म्हाताऱ्या बाबांनी थांबवून विचारलं होतं, "काय रे भो, गाडी चुकनी का?") कांद्याची भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर चढावर कसा जातो ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. चढ सुरू व्हायच्या आत गिअर खाली टाकायचा आणि एका लयीत वर यायचं. वरच्या गिअरात रेटत राहिलं आणि मध्येच इंजिन बंद पडलं तर मागे भरलेली ट्रॉली असते, सगळंच अवघड. खालच्या गिअरात येणाऱ्या ड्रायव्हरला अजून तरी कोणी "हिंमत नाही" म्हटलेलं मी ऐकलं नाही.

चैत्रात खानदेशातून हजारो माणसं पायी वणीच्या गडावर जातात. त्यात आज्या असतात, कडेवर पोरं घेतलेल्या बाया असतात, आणि पायांना फोड आलेले असतानाही शेवटी गड चढतातच. जिद्द म्हणायचं तर मला ती माणसं आठवतात. किलोमीटरला किती मिनिटं लागली हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही.

बरं, हे फक्त भाविकांचं झालं असं म्हणाल, तर दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स घ्या. 1921 पासून चालू असलेली, नव्वदीच्या जवळ जाणारी किलोमीटरं, आणि पाच मोठ्या नावाजलेल्या टेकड्या. बारा तासांच्या आत ती पुरी करणाऱ्यांतले कित्येक जण कुठल्या टेकडीवर कुठून कुठपर्यंत चालायचं ते आधीच ठरवून जातात. आपल्याकडे साताऱ्यात 2012 पासून हिल मॅरेथॉन होते. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्यानं वर आणि त्याच वाटेनं परत, एकवीस किलोमीटर. तिथेही पहिल्या दोन किलोमीटरांत हिरोगिरी करणाऱ्याला घाट पुढे बरोबर गाठतो.

पण थांबा, मी आळसाची वकिली करत नाहीये. चालायचं म्हणजे मोबाईल काढून फोटो काढत बसायचं नाही. शेलबारीत मी विजेच्या खांबांचा हिशेब ठेवतो. दोन खांब पळायचं, एक खांब चालायचं. पावलं छोटी, हात जोरात, नजर चार-पाच मीटर पुढे (घाटमाथ्याकडे बघितलं की तो मुद्दाम लांब जातो, हे माझं प्रामाणिक मत आहे). घड्याळाचा वेग दाखवणारा स्क्रीन सरळ बदलून टाकायचा. चढावर एकच मीटर खरा, बोलता येतंय का? एक सबंध वाक्य न तुटता म्हणता आलं तर ठीक. दोनच शब्द निघत असतील तर पुढच्या खांबाची वाट न बघता चालायला लागायचं. आणि खरी परीक्षा तर चालण्यानंतर येते. खांब संपला की पुन्हा पळायला सुरुवात करायची, तेव्हा पाय जे काय नखरे करतात! "अजून एक खांब चालू की..." तिथे मात्र स्वतःचं ऐकायचं नाही. रेटायचं ते तिथे.

छातीत दुखलं, चक्कर आली किंवा एखाद्या सांध्यात अचानक कळ आली तर हे सगळं विसरायचं आणि थांबायचं. तिथे खांब मोजायचे नसतात.

एक राहिलंच. चढ संपला की लोक उतारावर सुसाट सुटतात, गेलेला वेळ वसूल करायला. मिनेत्तींच्या आकड्यांप्रमाणे दहा टक्क्यांच्या चढावर जेवढी जादा ऊर्जा जाते तेवढी उतारावर परत मिळत नाही, आणि वर उतारावर मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात. तो हिशेब दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो. सोमवारी ऑफिसात कोणी जिन्याचा कठडा धरून तिरकं तिरकं उतरताना दिसलं तर समजा, साहेब रविवारी कुठलातरी घाट जोरात उतरलेत.

त्या मित्राला दिवाळीत नामपूरला घेऊन जायचं चाललंय. अजून हो म्हणालेला नाही. ट्रॅक्टरचा मुद्दा त्याला पटला, पण पहाटे पाचला उठायचा अजिबात पटलेला नाही.