चालू कंडिशन

जुन्या कॅमेऱ्यांच्या बाबतीत हे दोन शब्द हमखास कानावर येतात. नेटवरची जाहिरात असो, चोरबाजारातला दुकानदार असो, नाहीतर 'आमच्याकडे माळ्यावर एक पडलाय' म्हणणारा नातेवाईक असो, कॅमेरा कायम 'चालू कंडिशन'मध्येच असतो. याचा अर्थ एवढाच की बटण दाबलं की 'खट्' असा आवाज येतो. त्यापुढे कुणीही बघितलेलं नसतं.

आमच्या गोतावळ्यातल्या पोरांना सध्या फिल्मवर फोटो काढायचं वेड लागलंय. त्यामुळे मला अधूनमधून फोन येतात. "काका, हा घेऊ का? चालू कंडिशन आहे." प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे नुसती लिंक पाठवता येईल.

माझं मत असं. कॅमेऱ्यासाठी जेवढे पैसे बाजूला काढले असतील त्यातले निम्मेच कॅमेऱ्यावर घालवा. उरलेले निम्मे दुरुस्त करणाऱ्याच्या हातावर ठेवा, तेही रोल घालायच्या आधी. हे ऐकलं की लोकांचे चेहरे पडतात. दहा हजारांचा कॅमेरा घेताना जो माणूस घासाघीस करत नाही, तो साफसफाईचे दोन-अडीच हजार ऐकले की "एवढे?" म्हणतो.

एवढे का, ते सांगतो. उदाहरण पेंटॅक्स के-१००० चं घेऊ. १९७६ साली हा बाजारात आला आणि १९९७ पर्यंत बनत राहिला. साधा, दणकट, लपवाछपवी नाही. बॅटरी लागते ती फक्त लाइट मीटरला, बाकी सगळं स्प्रिंगा आणि चाकांवर. आत काळ्या रबरी कापडाचे दोन पडदे असतात. बटण दाबलं की पहिला पडदा धावतो आणि फिल्म उघडी पडते. ठरलेल्या वेळानं दुसरा धावतो आणि ती झाकून टाकतो. स्पीड एक सेकंदावर असेल तर मधला वेळ बारीक दातेरी चाकांची एक माळ मोजते. १/१००० वर मात्र पहिला पडदा पलीकडे पोचायच्या आतच दुसरा निघालेला असतो, आणि दोघांमधली दोन-अडीच मिलिमीटरची फट फिल्मवरून सरकत जाते.

आता तीस-चाळीस वर्षांत आतलं वंगण वाळून गोंदासारखं झालं असं समजा. पहिला पडदा जरासा रेंगाळतो, दुसरा त्याला गाठतो, फट मिटते, आणि फोटोची एक बाजू काळीठिक्कर. आवाज? तो तसाच, 'खट्'. कानाला काहीही कळत नाही. कळतं ते रोल धुऊन आल्यावर, आणि तोवर ट्रेक झालेला असतो, आजीचा पंच्याहत्तरावा वाढदिवसही झालेला असतो.

म्हणून घ्यायला जाल तेव्हा रोल नसलेला कॅमेरा मागून उघडा, लेन्स काढा आणि खिडकीकडे धरून १/१००० वर चार-पाचदा दाबा. डोळ्याला अख्खी चौकट क्षणभर उजळलेली दिसली पाहिजे. एका बाजूला अंधार राहिला तर समजा. मग एक सेकंद लावा आणि फोनवर स्लो-मोशनमध्ये शूट करा. घरघरत मध्येच अडकला तर वंगण वाळलंय. लेन्समधून टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. आपल्या मुंबई-कोकणच्या हवेत तिचं प्रमाण भरपूर. थोडी असेल तर साफ होते, काचेवरचा लेप खाल्ला असेल तर तिथे इलाज नाही. मागच्या झाकणाच्या खोबणीतला काळा फोम बोटाला डांबरासारखा चिकटला तर मात्र घाबरू नका. ती सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आहे, आणि भाव पाडायला सगळ्यात चांगलं निमित्त.

सेल्फ-टायमरच्या खटक्याला हात लावू नका. वर्षानुवर्षं न वापरलेला टायमर अर्ध्यात अडकला की त्याच्याबरोबर अख्खा कॅमेरा अडकतो. आणि झेनिटसारखा रशियन कॅमेरा असेल तर आधी शटर चढवायचं, मगच स्पीडची चकती फिरवायची. विकणाऱ्याला हे ठाऊक नसतं आणि तो तुमच्यासमोरच उलटं करून दाखवतो.

"मग कॅनन एई-१ घेतला तर?" हा पुढचा प्रश्न. तोही १९७६ चाच, दिसायला झकास, आणि इन्स्टावर सगळ्यांच्या गळ्यात तोच. पण त्याचं शटर विजेवर चालतं. बॅटरी संपली की बटण दाबलं तरी ढिम्म. बॅटरी मिळते हो, तो प्रश्न नाही. आतली सर्किट गेली तर काय, हा आहे. वाळलेलं चाक धुता येतं, घासता येतं, वेळ पडली तर दुसऱ्या कॅमेऱ्यातून काढून बसवता येतं. मेलेल्या चिपचं काय करणार? (एई-१ वाल्यांनी रागावू नये. फोटो छानच येतात, जोवर येतात तोवर.)

शंभर टक्के अचूकतेच्या मागेही लागू नका. १/५०० वर लावलेलं शटर प्रत्यक्षात १/३५० वर चालत असेल तर निगेटिव्ह फिल्मला फारसा फरक पडत नाही. थोडा जास्त उजेड ती मुकाट पचवते. स्लाइड फिल्म कुरकुर करते. मला स्वतःला १/३० ते १/२५० नीट चालणारा कॅमेरा पुरतो. बाकी स्पीड मिळाले तर लोणचं-पापड.

आता घरातल्या कॅमेऱ्यांकडे वळतो, कारण खरा जीव तिथे अडकलाय.

आमच्या काकांचा एक यशिका मॅट-१२४जी आहे. दोन लेन्सचा, वरून खाली वाकून बघायचा, आतल्या काचेवर डावं-उजवं उलटं दिसणारा. एके काळी लग्नाच्या फोटोग्राफरांकडे हमखास दिसायचा तो. काका फोटोग्राफर नव्हते, हौशी होते, पण आमच्या घरात आजोबांचा एकच धड फोटो आहे आणि तो याच कॅमेऱ्यातला आहे. काका गेल्यापासून कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये, केस कपाटात, आणि कपाटात डांबरगोळ्या. जपायचं म्हणून जे जे केलं ते ते त्याच्या मुळावर आलं. चामडं ओल धरून ठेवतं आणि बुरशीला आणखी काय हवं? डांबरगोळ्या आणि कापूर यांच्यापासून कॅमेरा लांब ठेवा, असं कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकांत छापलेलं असतं. मध्यंतरी मामानं प्रेमापोटी त्यात शिवणयंत्राचं तेल सोडलं. ते पसरत पसरत शटरच्या पात्यांवर गेलं आणि पाती एकमेकांना चिकटून बसली.

यंदा दिवाळीत यावर चर्चा झाली. काकूंना तो शोकेसमध्ये हवा होता. दादाला विकायचा होता, "चालू कंडिशन लिहून टाकू" म्हणाला. भाचीला वापरायचा होता. मी भाचीच्या बाजूनं होतो आणि आहे. शोकेसमधल्या कॅमेऱ्याला आपण आठवण म्हणतो, पण न वापरलेलं यंत्र आतून बंद पडत राहतं आणि ते बाहेरून दिसत नाही. महिन्या-दोन महिन्यांतून सगळ्या स्पीडवर दहा-वीसदा तरी शटर मारलं पाहिजे. शोकेसमधून काढून हे कोण करणार?

विकण्याबद्दल माझी हरकत वेगळी आहे. हल्ली हे कॅमेरे कॅफेच्या भिंतीवर जातात, त्यांचे टेबल-लॅम्प होतात. तुम्ही म्हणाल, मोडकाच तर होता. पण मोडक्या कॅमेऱ्यावरच दुसरे चालतात! पुण्यात मी ज्यांच्याकडे जातो त्या गृहस्थांकडे बिस्किटांच्या डब्यांत मेलेल्या कॅमेऱ्यांचे अवयव आहेत. चाकं, स्प्रिंगा, आरसे, स्क्रू. नवे भाग कुठलीच कंपनी बनवत नाही. भिंतीवर खिळ्याला टांगलेला प्रत्येक यशिका म्हणजे त्या डब्यातून गेलेलं एक चाक.

आणि डबा असून भागत नाही, हात लागतात. हे गृहस्थ सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो आणि त्यात चूक काही नाही, पोट त्यावर चालतं. २०२४ मध्ये पेंटॅक्सनं खूप वर्षांनी एक नवा फिल्म कॅमेरा काढला, पेंटॅक्स १७. त्याची रोल पुढे सरकवायची खटकी बसवताना त्यांना जुन्या, निवृत्त इंजिनिअरांना गाठावं लागलं होतं. ज्यांनी के-१००० बनवला त्या कंपनीची ही कथा, मग आपल्या गल्लीतलं काय सांगावं! म्हणून दुरुस्तीच्या पैशांत घासाघीस करू नका म्हणतो. काम येत राहिलं तर ते दुकान उघडं राहील, आणि कुणी पोरगं शेजारी बसून शिकेल, अशी निदान शक्यता तरी राहील.

परवडतं का? नाही परवडत. यशिकाच्या एका रोलवर बाराच फोटो. रोल, धुलाई, स्कॅन धरून एकेक फोटो शंभराच्या वर जातो. पस्तीस एमएमवर चाळीसेक रुपये. फोनवर फुकट. माझ्याकडे याला उत्तर नाही आणि मी शोधतही नाही. ज्याला पटत नाही त्यानं घेऊ नये, आणि घरात असेल तर वापरणाऱ्याला देऊन टाकावा.

मीटरबद्दल एक सांगायचं राहिलं. यशिकाचा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर बेतलेला आहे आणि ती आता मिळत नाही. साधी १.५ व्होल्टची घातली तर मीटर खोटं बोलतो. कानाच्या मशीनची ६७५ नंबरची बॅटरी रबराची रिंग लावून बसते. ती १.४ व्होल्टची, काम भागतं, फक्त दोन-तीन महिन्यांत संपते. नाहीतर फोनमधलं मीटरचं ॲप आहेच. भाची तेच वापरते.

सध्या यशिका त्या गृहस्थांच्या टेबलावर उघडा पडलाय. पाती धुऊन झाली, एक सेकंद आता एक सेकंद भरतो. वरच्या लेन्सचा आरसा डागाळलाय, तो डब्यातल्या दुसऱ्या यशिकातून येईल. काकूंनी त्यांच्या वाट्याचे पैसे दिले, मी दिले, भाचीनं खाऊच्या पैशातून दिले. दादाचे यायचेत. तो हा ब्लॉग वाचतो.