डोक्यातले पाणी तुंबले तर

सायकलच्या ट्यूबला फुगा येतो, तसा कधी कधी मेंदूतल्या रक्तवाहिनीलाही येतो. तो फुटला की डोके एकाएकी असह्य दुखते, उलटी होते, माणूस बेशुद्धही पडतो. वेळेवर ऑपरेशन झाले तर जीव वाचू शकतो. पण रुग्ण घरी आला म्हणजे सगळे निभावले, असे समजू नका.

मेंदूत रोज सुमारे अर्धा लिटर पाणी तयार होते आणि तेवढेच रक्तात जिरते. फुगा फुटून सांडलेले रक्त या जिरण्याच्या वाटा बुजवते. गाळाने मोरी तुंबली की पाटाचे पाणी मागे फुगते, तसेच हे. ऑपरेशनने फुगा बंद होतो, बुजलेली वाट मोकळी होतेच असे नाही.

हे पाणी काही आठवड्यांत, महिन्यांत हळूहळू साचते. डोके दुखेलच असे नाही. खुणा तीन: पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, कपड्यात लघवी होणे आणि विसरभोळेपणा.

चाकण-भोसरीच्या पट्ट्यात मुलगा कारखान्यात पाळीवर, सून शेतावर. एकाला ओले अंथरूण दिसते, दुसरीला विसरणे. दोघे एकत्र बसून बोलतच नाहीत, आणि 'वय झाले', 'आळस आला' म्हणून दिवस जातात. म्हणून घरात सगळ्यांनी पाहिलेले एकमेकांना सांगा आणि रुग्णाला परत डॉक्टरांकडे न्या.

डॉक्टर मेंदूचा स्कॅन करतात. कधी कमरेतून सुईने थोडे पाणी काढून चाल सुधारते का ते पाहतात. गरज असल्यास कातडीखालून बारीक नळी डोक्यापासून पोटात सोडतात. तिला पंपाच्या फूटव्हॉल्व्हसारखी एकाच बाजूने पाणी सोडणारी झडप असते. पुष्कळ रुग्ण त्यानंतर पुन्हा चालू-बोलू लागतात.

ही नळीही तुंबू शकते, तिच्यात जंतू शिरू शकतात. ताप, उलट्या, डोकेदुखी किंवा गुंगी आली तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

ऑपरेशनचे कागद आणि स्कॅन जपून ठेवा. जिथे ऑपरेशन झाले तिथेच आधी दाखवा. ते जमत नसेल तर पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय किंवा पुण्याचे ससून येथे चौकशी करा. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दलही विचारा.

तुंबलेली मोरी वेळीच उपसली, तर पीक वाचते.