‘आपल्या’ नामदेवांना कोणी उठवले?

चंडीगडला येणारा मराठी पाहुणा मी आता चांगला ओळखून आहे. सेक्टर ३४ च्या गुरुद्वाऱ्यात डोक्याला रुमाल बांधताबांधताच तो विचारतो, ‘आपले नामदेव कुठे?’ गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत हे ऐकून त्याची छाती फुगते. लंगरात तो पोटभर जेवतो. पुढे सेक्टर २० ची जामा मशीद आली, की मात्र गाडीतून उतरायला वेळ नसतो. तिथे ‘आपले’ कोणी नाही ना!

याला सर्वधर्मदर्शन म्हणायला माझी हरकत आहे. दुसऱ्याच्या दारात जाऊन आपलाच आरसा शोधायचा, आणि तोही अर्धाच बघायचा. त्या ६१ पदांतच हीन जातीचा म्हणून भजन करताना देवळातून धरून उठवलेले नामदेव आहेत. परंपरा ही घटना औंढा नागनाथची सांगते. म्हणजे उठवणारे हातही आपलेच. २०१५ साली घुमानला साहित्य संमेलन भरवून आपण नामदेवांवर हक्क सांगितला. या हातांवर कोण सांगणार? पंजाबने त्यांना ‘भगत’ म्हटले, त्यांच्या शब्दांपुढे माथा टेकला.

पुढच्या पाहुण्याला मी आधी सेक्टर २० लाच उतरवणार आहे.